माहेरची माळ आणि पंचायतीचा दंड

मोकाट गुरांच्या मालकाला दंड करावा, हा नियम आमच्या पंचायतीत आणायला सगळ्यांत जास्त धडपड मीच केली. तेव्हा मी पंच होतो. खाणी बंद पडल्यावर डिचोलीकडच्या आमच्या गावात बऱ्याच जणांनी पुन्हा भाजीचे वाफे घातले होते, आणि गुरं येऊन ते सपाट करत होती. नियम साधा होता. जनावर दुसऱ्याच्या वाफ्यात सापडलं तर मालकाला दंड, पुन्हा सापडलं तर जनावर थेट गोशाळेत. नियम चांगला होता. आजही माझं तेच मत आहे.

तो लागू झाला आणि थोड्याच दिवसांत दिवाळीचा पाडवा आला. आमच्याकडे तो गुरांचा पाडवा. गुरांना धुवायचं, झेंडूच्या माळेत तांदळाचे लहान पोळे ओवून ती गळ्यात बांधायची आणि त्यांना मोकळं सोडायचं. मुलं मागे धावून पोळे पळवतात. त्या दिवशी गुराला कुणी हाकलत नाही.

माझी तांबडी गाय शेजारच्या वयनीच्या गायीचं वासरू. कालवड असतानाच मी ती घेतली होती. वयनी विधवा, घरात मुलगा आणि सून. दर पाडव्याला ती सकाळीच माळ घेऊन माझ्या गोठ्यात यायची आणि म्हणायची, "लेकीक माहेरची माळ नको?" दोन पोळ्यांच्या मध्ये ती सुक्या खोबऱ्याचा तुकडा ओवायची. तसं गावात दुसरं कुणी करत नसे.

त्या वर्षीही तिने माळ बांधली. मी दावं सोडायला लागलो तर म्हणाली, "सोडतंस? मी माझी बांधूनच ठेवलंय हां. तुझो नियम आसा."

"पाडव्याला कसला नियम," मी म्हणालो. आणि गाय सोडली.

संध्याकाळी पंचायतीच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तो मूळचा सिंधुदुर्गातला, आमच्याकडे जमीन खंडाने घेऊन तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, करायचा. त्याच्या हातात तुटलेली माळ होती. त्याच्या कुंपणात अडकलेली.

"तांबडी गाय होती. माझी सगळी तांबडी भाजी खाल्ल्यान आणि ही ठेवून गेली," तो म्हणाला. "आता बाजारात मी माळ विकू काय?"

लोक हसले. मग कुणीतरी माळेतलं खोबरं पाहिलं आणि वयनीचं नाव घेतलं. तिची गायही तांबडीच. तिला बोलावणं गेलं.

वयनी पदराला हात पुसत आली. "माझी गाय गोठ्यात हुती. मी सोडूकच नाय," एवढंच म्हणाली.

"मगे माळ काय उडत गेली?" मागून एकाने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. ती माळ कुठल्या गायीच्या गळ्यात होती हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. तिने माझं नाव घेतलं नाही, मी बोलायची वाट पाहिली. मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिलो. ज्याने नियम आणला त्याचीच गाय पहिली सापडली, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. सभा उठल्यावर एकेकाला सांगू, असं मी मनाशी म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी, मग तुळशीचं लग्न झाल्यावर.

दंड तिने भरला. त्याचं तिला फार वाटलं नसावं. पण ती खोटं बोलली हे गावाने धरून ठेवलं. दुधात पाणी घालते का, असंही लोक तिला चेष्टेने विचारू लागले. पुन्हा नाव आलं तर गाय गोशाळेत जाईल, या धास्तीने तिने ती पेडण्यातल्या एकाला देऊन टाकली. गाय टेंपोत चढेना, तेव्हा चढवायला हात लावणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर वयनी माझ्या गोठ्यात कधी आली नाही. घरी भेटली तर बोलायची, पण गोठ्यात नाही.

यंदाच्या ग्रामसभेत दंड वाढवायचा विषय निघाला. मी उठलो आणि सगळं सांगितलं. ज्याची भाजी गेली होती तो मागच्या बाकावर होता. त्याने नुसती मान हलवली. तरुण सरपंच हसत म्हणाला, "काका, आता कोण विचारता तुका?"

"कोणी विचारलं नाही म्हणूनच एवढा काळ गेला," मी म्हणालो. "दंड माझ्यावर लावा आणि त्या बाईवरचा चुकीचा होता असं लिहा." सचिवाने वर सरपंचाकडे पाहिलं, मग लिहून घेतलं.

तिथून मी वयनीकडे गेलो. ती विळीवर नारळ खवत होती. मी उभ्यानेच सांगितलं. ती खवायची थांबली नाही.

"सगळ्यांसमोर म्हणालंस?"

"हो."

"माझी सून हुती थंय?"

नव्हती. मी तसं सांगितलं.

"गावाचा काय, गाव विसारता," ती म्हणाली. "पण घरात कायव उणाअधिक झाला की ती म्हणता, तुमचा खरा कसा मानूचा, पंचायतीत पण तुम्ही असाच सांगितलास. नातवंडांसमोर म्हणता." तिने वाटी बाजूला सरकवली. "साखळेक गेली हा. पाचाच्या बसीन येतली."

मी घरी जाऊन पुन्हा येतो म्हणालो.

"नको," वयनी म्हणाली. "आता बस हंयच. ती उंबऱ्यात पाय घालूच्या आधी सांग तिका."

मी सोप्यावर बसलो. तिने चहा विचारला नाही आणि मलाही तो नको होता. बरोबर काय बोलायचं ते मी मनात जुळवू लागलो, मग तेही सोडून दिलं. रस्त्याच्या वळणावर बस थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी उठून पायरीवर जाऊन उभा राहिलो.