ईटच्या विहिरीवरचा स्टार्टर

“पुण्याची मॅडम हाय, पण तोंडच उघडंना,” दुकानदार फोनवर कुणाला तरी सांगत होता.

जळक्या सर्किटचा वास आला की ईट गावातली ती विहीर आठवते. नोकरी सोडून सल्लागार झाल्यावरचं माझं पहिलंच काम. मोटारीचा स्टार्टर जळाला होता. चूक शेतकऱ्याची, एवढंच तो विकणाऱ्या दुकानदाराला माझ्याकडून लिहून हवं होतं. मग बदलून द्यायला नको.

“तिसरा फेज गेला की दोन फेजवरच कंडेन्सर लावून मोटार चालवतो, व्हय. इथं समदेच चालवतात,” शेतकरी काका खाली बघत म्हणाले.

मी स्टार्टरमधला सर्किट बोर्ड उलटा केला. कोपऱ्यात माझीच आद्याक्षरं. जुन्या नोकरीतल्या पुण्याच्या लॅबमध्ये तिन्ही फेज कायम असायचे. इथं वीज कशी येते, हे कुणाला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. खरं सांगणं आज सोपं वाटतं. तेव्हा आधी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

“काका, चूक तुमची नाही. हे सर्किट मीच डिझाइन केलंय.”