लाल म्हणजे गरम नव्हे

गल्लीत बातमी अशी, की आमची आत्या जमिनीला शॉक देते आणि न्हाव्याची मांजर त्यातच गेली. साफ खोटं! मांजर लाँड्रीवाल्याच्या कपाटात व्यायली होती. आत्या शॉक देते तो फक्त माणसांना, तोही तोंडाने.

तिचं काम मोजायचं. गरम झऱ्याभोवती खड्डे खणायचे, तारांची टोकं खारट चिखलात पुरायची आणि जमिनीतून आपसूक फिरणारी बारीक वीज टिपायची. त्यावरून खाली काय दडलंय त्याचा नकाशा निघतो. कुणाच्या पायाने तार हलली की आकडे बिघडतात आणि आत्याचा आवाज चढतो, "पाय आहेत की नांगर रे?"

यंदा तिचं डोकं फिरवलं हॉटेलसाठी गरम पाणी शोधणाऱ्या हॉटेलवाल्याने. नकाशात सार्वजनिक कुंडाला लागून मोठा लाल डाग आला होता. हा नाकात बोलतो, जणू आत कुणी पोटभाडेकरू ठेवलाय. "लाल म्हंजे गरम पाणी, बाई. लहान पोरालाही कळतं. तिथंच बोअर मारू."

आत्या ओरडून दमली. लाल म्हणजे जिथून वीज सहज जाते ती जागा. इथं ती चिकणमाती आहे, झऱ्यावरचं झाकण. ते फोडलं तर कुंड आटेल. त्याच कुंडात अख्खी गल्ली फुकट अंग शेकते.

घरी आली ती दार आपटतच. "कुठला रंग म्हणजे काय ते नकाशाच्या कडेच्या पट्टीवर लिहिलंय, ती मेला वाचत नाही! नुसते रंग बघतो!"

"एवढाही ढ नसेल गं. पुढच्या वेळी वाचेल," मी म्हणालो.

"लाव पैज. हरलास तर सगळ्या तारा तू गुंडाळायच्या."

परवानगी देणाऱ्या साहेबांसमोर तिने नवा नकाशा लावला. हॉटेलवाला खूश. "हां, हा बरोबर! लाल इथंय. मशीन इथं उभं करा." बोट नेमकं स्वतःच्याच स्वयंपाकघरावर.

"आकडे तेच आहेत, शहाण्या!" आत्या कडाडली. "मी फक्त रंग उलटे केलेत. रंग सरकला की ज्याची विहीर सरकते, त्याला कुंड फोडू देणार, साहेब?"

साहेबांनी पट्टी वाचली, जुना नकाशा शेजारी धरला आणि अर्जावर 'नामंजूर' लिहिलं.

मी मात्र मागे उभा राहून सगळा वेळ हॉटेलवाल्याला मनातल्या मनात विनवत होतो, पट्टी बघ रे बाबा, एकदा तरी बघ. मेल्याने मान वळवली नाही. तारा मी अजून गुंडाळतोय.