खंडेनवमीच्या नव्या तारा

मला गाण्यातलं काही कळत नाही. चौथीपर्यंत शिकले आणि पुढं जन्मभर लोकांचे परकर शिवले. पण आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गिटारचा आवाज कधी बिघडला आणि कुणी बिघडवला, ते मला नेमकं माहीत आहे.

मालक कारखान्यात लेथवर होते. सुट्टी असली की ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. गिटार त्यांना कोडोलीच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी दिली होती. हे मास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. गिटारवर ज्या तारा होत्या त्या साध्या नव्हत्या. जाड, वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, बोट फिरवलं तर कुठं खरखर लागायची नाही. तसल्या तारा कोल्हापुरात मिळत नव्हत्या आणि देणारे मास्तर तर वारले. वाजवून झालं की मालक त्या तारा कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायचे. मी तापानं फणफणले तरी माझं कपाळ कधी एवढ्या हळू पुसलं नाही त्यांनी.

आमची एकच खोली. संध्याकाळी ते वाजवायला बसले की मला मशीन बंद करावं लागायचं. मी कुरकुर करायचे, तर मला समजावून सांगायचे. गिटारला दोन ठिकाणी आवाज पकडणारे पिकप असतात. त्यातला मानेजवळचा घ्यायचा, खालचा घ्यायचा नाही. टोनचं बटण बरंचसं मिटवायचं. स्पीकरवर ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, कमी, आवाजही बेताचाच. तार छेडायची प्लास्टिकची पत्री बाजूला ठेवायची आणि अंगठ्याच्या मासानं तार दाबून सोडायची. मग आवाज गोल येतो, ऊबदार येतो.

"ऊब लागती तर गोधडी घ्या की," मी म्हणायचे.

पण खरं सांगायचं तर तो आवाज चांगला होता. शेजारच्या खोलीत समजूतदार माणूस हळू बोलत बसावा तसा. पाळण्यातलं पोर उठत नसे. वाजवताना मालकांचा चेहराही निवळलेला असायचा. एरवी तो चेहरा आमच्या वाट्याला फारसा आला नाही.

ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याला सगळे अण्णा म्हणायचे. शाहूपुरीत त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. माणूस दिलदार, पण कानानं दणकट. त्यांना सगळं कर्कशच हवं असायचं. प्रत्येक कार्यक्रमात मालकांना टोमणा ठरलेला. "काय वो, गिटार वाजवतायसा का घोंगड्यात तोंड घालून बोलतायसा? ट्रेबल वाढवा की जरा." मालक स्टेजवर ट्रेबल वाढवायचे आणि घरी येऊन कमी करायचे. अशी बरीच वर्षं गेली.

एका वर्षी पेठ वडगावला दसऱ्याच्या रात्रीचा कार्यक्रम ठरला. मुख्य गायिका दरवेळी उशिरा यायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. म्हणून अण्णाच म्हणाले, "सुरुवातीला धा मिनिटं तुमची. तुमच्या मास्तरांचं ते विलायती काय असंल ते वाजवा. पण एकदाच, हां."

मालक श्रावणापासून त्या दहा मिनिटांची तयारी करत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, तू पण चल ऐकायला. मी नवी साडी नेसले.

आता अण्णांच्या दुकानाचा शिरस्ता असा, की खंडेनवमीला सगळी वाद्यं दुकानात आणायची, पुसायची, डागडुजी करायची आणि पूजा करायची. लोहार ऐरण पुजतो, आम्ही ढोलकी पुजतो, असं ते म्हणायचे. आम्ही बौद्ध. आमच्या घरात खंडेनवमी होत नाही. पण अण्णांचा मान राखायचा म्हणून मालक दरवर्षी गिटार दुकानात ठेवून यायचे. त्या वर्षीही ठेवली. दसऱ्याला सकाळी आम्ही विहारात वंदनेला गेलो आणि संध्याकाळी दुकानातून वाद्यं भरून निघालेल्या टेम्पोत सरळ जाऊन बसलो.

मालकांनी गिटारची पेटी उघडली ती वडगावात पोचल्यावर, स्टेजच्या मागं. गिटारवर हळदीकुंकवाची बोटं होती. त्याचं काही नाही, ती दरवर्षी असायची. पण तारा पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. बारीक, खरखरीत तारा.

"तारा कुणी बदलल्या?"

"मी. माझ्या हातानं," अण्णा म्हणाले. "किती वर्सं त्या काळ्या पडलेल्या तारा वाजवतायसा. आज तुमचा मोठा दिवस, म्हटलं गिटारलाबी नवं कापड पायजे."

"जुन्या कुठं हायत?"

"पक्कडीनं कापल्या की. नवमीच्या केरात गेल्या."

मालकांनी नव्या तारेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं झालं, अण्णा."

मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मिटलं. ते का गप्प बसले ते मला कळत होतं. तारांबद्दल एक शब्द काढला असता, तर तारा राहिल्या असत्या बाजूला. ह्यांना आपली पूजा खुपली, ह्यांचं असंच असतं, एवढंच पसरलं असतं. जेवताना आमच्या शेजारी बसणारी माणसंसुद्धा तेच बोलली असती.

स्टेजवर त्यांनी सगळी बटणं नेहमीसारखी लावली. अंगठ्यानं तार दाबली. बारीक तार गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर आपटून झणझणली. टोन आणखी मिटवला तर आवाज नुसता मेल्यासारखा झाला. लोकांत खोकणं सुरू झालं, मागून कुणी ओरडलं, "पावणं, झोपलासा काय?" मालकांनी खिशातून पत्री काढली, खालचा पिकप घेतला, ट्रेबल सगळा उघडला आणि तेव्हा चालत असलेलं सिनेमातलं गाणं वाजवायला घेतलं. मंडप दणाणला. शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. तेच गाणं दोनदा वाजवलं. मास्तरांचा एक सूरही वाजला नाही.

अण्णांनी सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. "आता कसं! तारंचा गुण हाय ह्यो, तारंचा."

त्यानंतर अण्णा त्यांना प्रत्येक कार्यक्रमात पुढं उभं करायचे. मालक आपणहून दर महिन्याला नव्या तारा घालायला लागले. घरी वाजवणं कमी झालं. मला मशीन बंद करायला कुणी सांगेना.

पुढं कीबोर्ड आले आणि ऑर्केस्ट्रा मोडला. दोन हजार दहा सालानंतर कधीतरी मुलगा पुण्याला नोकरीला लागला. मी त्याच्या मागं लागून तसल्या चपट्या तारा तिथल्या दुकानातून मागवल्या. मालकांनी त्या घातल्या. मानेजवळचा पिकप, मिटवलेलं बटण, अंगठा. आवाज आला. तोच आवाज, मी कुठंही ओळखला असता.

मालकांनी थोडा वेळ ऐकलं. मग तोंड वाकडं केलं.

"लई दबतोय गं," म्हणाले, आणि हात घालून ट्रेबल वाढवला.