परक्या पाण्यातलं बाळंतपण

सौंदडच्या स्टेशनावर माय शेवटपर्यंत कुरकुरतच होती. १९९९ साली मी मुंबईला मत्स्यशास्त्र शिकायला निघाले होते, आणि केशोरीच्या बाजारात जन्मभर मासे विकलेल्या बाईला त्यात शिकण्यासारखं काय असतं हेच कळेना. "अठी मासे कमी हायेत काय? तठी कायले जाऊन राहिली?" बाबा इटियाडोहच्या धरणात जाळं टाकणारे, ते नुसते हसले. गाडी हलली आणि मी खिडकीला डोकं टेकून भरपूर रडून घेतलं.

मुंबईहून पुढे नॉर्वे. इथं समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत मी माशांच्या मेंदूवर काम करते. फोनवर मायला एकदा नीट समजावलं होतं. रोहूच्या पोटात अंडी तयार होतात, पण टाकीतल्या साचलेल्या पाण्यात ती सोडत नाही. मेंदूत पेप्टाइड नावाचे निरोप नेणारे बारीक कण असतात. पुराचं वाहतं पाणी अंगाला लागलं की ते मेंदूखालच्या ग्रंथीला सांगतात, ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते, मग अंडी बाहेर पडतात. पाणी ओळखीचं नसलं तर निरोप निघतच नाही. बेडूक, कोंबडी, बाई, सगळ्यांचा कारभार थोड्याफार फरकाने असाच. माय नुसती "हं, हं" करत होती. मला वाटलं, डोक्यावरून गेलं.

कसलं जातंय! २००९ मध्ये मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण मधेच थोडं रक्त गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवास बंद केला. मायला सांगितलं, तर तिनं माझंच शास्त्र माझ्या डोक्यात हाणलं. "तूच सांगत होती न, परक्या पाण्यात मासोळी अंडे सोडत नाही म्हून? मंग तू तठी कशी बाळंत होशीन?" बाई आणि मासोळी एक नसते म्हणून मी तणतणले. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, हिचं खरं झालं तर?

कधी नागपूरपलीकडे न गेलेली माय आठव्या महिन्यात विमानातून उतरली. लुगड्यावर माझ्या नवऱ्याचा जाडजूड कोट चढवला, तरी कुडकुडतच घरात शिरली.

तारीख उलटून गेली, कळा येईनात. डॉक्टरीणबाई सलाईनमधून कळा आणणारं ऑक्सिटोसिन द्यायचं म्हणाल्या. तेही मेंदूतलंच पेप्टाइड, त्याचा भाऊबंद माशांतही असतो, मी त्यावर व्याख्यानं दिलेली. खाटेवर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. भीतीने माझं अंग नुसतं ताठलं होतं. माय उशाशी बसली आणि कंबर चोळत केशोरीच्या बाजारातली भांडणं सांगत राहिली, कोण कोणाला काय बोललं ते नकलांसकट. मी हसत सुटले, अंग सैल पडलं, आणि सलाईन लावायच्या आधीच कळा सुरू झाल्या. शास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत. न म्हणेनात का.

दुपारी मुलगी झाली. मायने बाबांना फोन लावला. मला वाटलं, आधी नातीचे नाकडोळे सांगेल. ती म्हणाली, "झाली हो मोकळी. अठचं पाणी बी चांगलं हाय."

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हसाल तर हसा. पण तेव्हापासून मला कुणी घर कुठं असं विचारलं, की मी केशोरी आणि हे समुद्राकाठचं, अशी दोन्ही गावं सांगते, आणि दोन्ही सांगताना खरंच बोलते.