दवाखान्यातलं जेवण

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी सांगलीत कॉट बेसिसवर राहत होते. माझे वडील महाबळेश्वरात टॅक्सी चालवतात. पावसाळ्यात तिथं धंदा बसतो, गाडी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावी लागते आणि घरात पैसा येत नाही. घरी होते तोवर याचा अर्थ एवढाच होता की भाजी कमी आणि पिठलं जास्त. सांगलीत मात्र खानावळच बंद करायची वेळ आली.

माझ्या खोलीत जतकडची एक मुलगी होती. पैसे वाचवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो आणि डबेवाल्या काकूंना ती माझ्यासमोरच सांगायची, "ही दिसती बारीक, पण लय खाती. दोन चपात्या जास्ती घाला." मिसळ एक सांगायची आणि रस्सा तीनदा मागून घ्यायचा. तिसऱ्यांदा मागायची पाळी माझी असायची, कारण माझा चेहरा गरीब दिसतो म्हणे. डबाही परवडेना तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "दवाखान्यात जेवायला येतीस का?"

कॉलेजपासून वीस मिनिटांवर एक मोठा दवाखाना होता. तिथं पेशंटच्या नातेवाइकांसाठी काही जैन व्यापारी मिळून रोज दोन वेळचं जेवण वाटायचे. दुपारी बाराला आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत. चपाती, आमटी, भात, एक भाजी. कांदा-लसूण नसायचा, पण गरम असायचं. कुणी काही विचारायचं नाही. तरी मैत्रिणीनं मला तयार केलंच. "हातात डबा घे, बगलेत फाईल धर, आणि हसू नकोस," ती म्हणाली. फाईल माझ्या प्रॅक्टिकलचीच होती.

पहिल्या दिवशी मी मान खाली घालूनच डबा पुढं केला. वाढणारे एक म्हातारे काका म्हणाले, "बाळ, भात आणखी घे, रात्री लागतो जागरणाला." बाहेर आल्यावर मैत्रीण हसून हसून वाकली. मीही हसले. चौथ्या-पाचव्या दिवशी मी मान वर करून आमटी मागायला लागले.

रांगेत माझ्यापुढं एक बाई उभ्या असायच्या. वयानं माझ्या आईपेक्षा मोठ्या, कुंडलकडच्या. एकदा त्यांनी वळून विचारलं, "तुझं कोण हाय गं पोरी?"

मी काही ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं, "वडील."

"काय झालंय?"

"पोटाचं ऑपरेशन."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हुईल बरं. पोटाचं बरं हुतंय."

त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. रोजच्यासारखं "जेवलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि अभ्यास आहे म्हणून लगेच फोन ठेवला. धडधाकट माणसाला मी दवाखान्यातल्या खाटेवर झोपवून आले होते.

दुसऱ्या दिवसापासून बाई माझी जागा धरून ठेवायला लागल्या. त्यांचे मालक मिल्ट्रीतून रिटायर झालेले. सकाळी उसाला पाणी पाजायला गेले आणि बांधावरच पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगाही मिल्ट्रीतच, लांब सरहद्दीवर. त्याची सुट्टी मंजूर व्हायची होती. घरी सून आणि तिचं तान्हं बाळ. इथं बाई एकट्या. माझ्या बगलेतली फाईल बघून त्यांना वाटलं, पोरगी शिकलेली आहे. त्या मला चिठ्ठ्या दाखवायला लागल्या. कुठली तपासणी, कुठल्या मजल्यावर, गोळी जेवणाआधी की नंतर. मी वाचून सांगायची. त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानात जायची. त्या बदल्यात त्या काही ना काही पुढं करायच्या. कधी बिस्किटांचा अर्धा पुडा, कधी मोसंबी. "तुझ्या बापाला दे." नको म्हणायची सोय नव्हती. ती मोसंबी मी आणि मैत्रिणीनं खोलीवर खाल्ली.

"मला एकदा बघू दे की गं तुझ्या वडलांना," त्या दर दोन दिवसांनी म्हणायच्या. मी म्हणायची, "तिथं सोडत नाहीत, मावशी." अशा वेळी त्या माझ्याकडं जरा जास्त वेळ बघायच्या.

मग एक दिवस जेवणाच्या ठिकाणी टेबल मांडलेलं दिसलं. बाहेरचे लोक जेवून जातात अशी तक्रार झाली होती. आता वॉर्डातून पास आणायचा, त्यावर पेशंटचं नाव आणि खाट नंबर. माझी मैत्रीण लांबूनच टेबल बघून मागं फिरली. मी मात्र रांगेत मध्यावर अडकले होते. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव? वॉर्ड कुठला?"

मी फाईल उघडून काहीतरी शोधत असल्यासारखी पानं उलटायला लागले.

पुढं उभ्या असलेल्या बाई वळून म्हणाल्या, "आवं, आमचीच हाय ती. थोरली. लिवा माझ्याच पासावर." त्यांनी मालकांचं नाव सांगितलं, नंबर सांगितला. माणसानं लिहून घेतलं. काकांनी भात वाढला. आम्ही पायरीवर शेजारी बसून जेवलो. त्या दिवसानंतर माझ्या वडिलांचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मोसंबी मात्र देत राहिल्या. नुसतं म्हणायच्या, "खा."

"बंद कर आता," मैत्रीण मला म्हणाली. तिनं शिकवणीच्या क्लासात पेपर तपासायचं काम धरलं होतं. मलाही चल म्हणत होती. पण मी ज्यांची थोरली म्हणून लिहिली गेले होते त्यांना सोडून कशी जाणार होते?

असाच आठवडा गेला आणि एका सकाळी बाईंचा फोन आला. तान्ह्या नातवाला ताप भरला होता, सून घाबरली होती. "सांजच्याला माघारी येती. तवर मालकांजवळ बस." त्या दिवशी माझं इंटर्नल प्रॅक्टिकल होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर "एसटी आली" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी सकाळी नऊपासून मालकांच्या खाटेजवळ बसले. मोठा, हाडापेरानं मजबूत माणूस, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. सिस्टरनं दाखवलं तसं मी पुसलं. चमच्यानं पेज भरवली. अकराच्या सुमारास त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. काहीतरी सांगायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. मी पाणी पुढं केलं. मान हलली, नको. चादर नीट केली. नको. कूस बदलायची का? नको. सिस्टरला बोलावलं, तिनं लघवीची पिशवी तपासली, नाडी बघितली आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे." ती गेली. त्यांनी मनगट सोडलं नाही. मी विचारत राहिले. मावशींना बोलवू? मुलाला फोन लावू? शेतातलं काही? प्रत्येक वेळी मान नाही म्हणून हलायची आणि आवाज मोठा व्हायचा. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांना काय हवं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळी बाई आल्यावर मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाबी कळत न्हाई गं."

दुसऱ्या दिवशी सरांनी गैरहजेरीचं कारण विचारलं. "वडील दवाखान्यात आहेत" एवढं म्हणाले असते तर त्यांनी परत प्रॅक्टिकल घेतलं असतं. ते वाक्य तोंडाशी आलं होतं. मी नुसतं "चुकलं, सर" म्हणाले. सर म्हणाले, "ठीक आहे, जा." मार्क गेले ते गेले.

त्यानंतर चार दिवसांनी डिस्चार्जचा कागद मिळाला. बाईंनी तो माझ्या हातात दिला. इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी एकदा वाचलं, परत वाचलं. इथं आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी नेऊन सेवा करा, असा त्याचा अर्थ होता.

"घरी न्यायला सांगितलंय," मी म्हणाले.

"ते सिस्टर बोलली. बरं हुतील का, ते लिवलंय का?"

मी एवढ्या दिवसांत त्यांना कितीतरी खोटं सांगितलं होतं. त्या वेळी आणखी एक सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "न्हाई म्हणत्यात, मावशी."

त्यांनी कागद परत घेतला, घडी घातली आणि मला पिशवीची गाठ सोडायला सांगितली. जीप आली. भावकीतल्या दोघांनी मालकांना उचलून ठेवलं. मी उशी धरून उभी होते. जाताना त्या म्हणाल्या, "एकदा ये गावाकडं." मी हो म्हणाले.

पुढं महिनाभर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा. सुनेच्या फोनवरून गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो यायचा आणि मागोमाग मावशींचा आवाज, "ही कवा द्यायची गं?" मी बघून सांगायची. मालक कसे आहेत विचारलं की म्हणायच्या, "हायती तसंच."

दिवाळीच्या आधी वडिलांचा धंदा सुरू झाला. त्यांनी पैसे पाठवले, मी खानावळ लावली. त्याच सुमाराला बाईंचे फोन थांबले. पहिला आठवडा मला काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी नंबर काढून बघितला. का थांबले असतील ते मला कळत होतं, आणि तेच ऐकावं लागेल म्हणून मी फोन लावला नाही. नंतर लावायला फार उशीर झाला होता.