पहिला पेला

गावाचं पाणी जमिनीच्या पोटातलं. बोअरवेलमधून ओढायचं, टाकीत चढवायचं, जंतू मरावेत म्हणून त्यात क्लोरिनचं औषध घालायचं आणि मगच नळांना सोडायचं. पंपवाले काका हे काम इमानेइतबारे करत. व्हॉल्व्ह उघडण्याआधी पहिला पेला स्वतः प्यायचा, हा त्यांचा नेम. औषधाचा किंचित वास आला, की पाणी ठीक. प्रयोगशाळेत नमुना जायचा तो महिन्यातून एकदा. एरवी गावाची सगळी भिस्त काकांच्या नाकावर.

आणि नेमकं तेच एका तापात गेलं. स्वयंपाकघरात दूध करपून कोळसा झालं, तरी काका शेजारी बसून खुशाल पेपर वाचत होते. काकूंनी ओळखलं. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर गावाच्या जिवाशी खेळ. शेवटी काकू म्हणाल्या, "मी येते की रोज. चहा घेऊन आले म्हणायचं."

तेव्हापासून पहिला पेला काकू पिऊ लागल्या. "आज कमी वाटतंय हो," त्या म्हणत, की काका औषध वाढवत. लोक चिडवत, "काकांना बायकोशिवाय चहा घशाखाली उतरत नाही!" काकाही हसत. लबाडीवर असं गोड पांघरूण पडलं, की ती टोचेनाशी होते.

एका दुपारी काकू बसल्या जागी गेल्या.

दुसऱ्या सकाळी काका पंपघरात आले, पंप चालवून टाकी भरली. पेला नाकाशी नेला, प्यायले. काही कळेना. पुन्हा भरला, पुन्हा तेच. नळ कोरडे राहिले, तेव्हा पाणीखात्याचे साहेब धावत आले.

"काका, तुमच्यावर आभाळ कोसळलंय, मान्य. पण गाव खोळंबलंय. उघडा व्हॉल्व्ह."

"नाही उघडत. मला वास येत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. ती सांगायची."

साहेबांचा आवाज चढला. "दोन वर्षं? अहो, लेकरंबाळं पितात हे पाणी!"

"म्हणून तर ती यायची. अंगात ताप असला तरी यायची."

साहेबांनी पेला हिसकावून हुंगला. औषधाचा मागमूसही नव्हता. दुःखाच्या भरात काका ते घालायलाच विसरले होते.

काकांनी किल्ल्यांचा जुडगा स्वतःहून टेबलावर ठेवला.

"ती असती ना, तर मी आजही गप्पच बसलो असतो," ते म्हणाले, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडले.