काळ्या मातीचं महाबळेश्वर

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळे इंटरची परीक्षा देऊन पुण्याहून परतलो तेव्हा मला सगळं येतं अशी आमच्या करकंब गावाची समजूत होती, आणि माझीही फारशी वेगळी नव्हती. सोलापूरच्या एका शाळेत भूगोलाला मास्तर हवा होता. वडिलांनी स्पष्टच सांगितलं, “जागा मिळाली तर तुजं शिकणं कामी आलं म्हणीन. न्हाय तर ये करकंबला, औत वाट बगतंय.”

मुख्याध्यापकांनी नमुन्याचा पाठ मागितला. विषय, महाबळेश्वर आणि भोवतालचा मुलूख. महाबळेश्वर मी पाहिलं नव्हतं. डोंगर म्हणून पुण्यातून सिंहगड पाहिला होता, तोही दुरून. अर्जात मात्र ‘सह्याद्रीचा निकट परिचय’ असं लिहून बसलो होतो.

मग ठरवलं, मातीचा डोंगरच करून न्यायचा. उतरलो होतो मामांकडे; ते गिरणीत कामाला. गावाबाहेरच्या रानातून दोन पाट्या माती आणून मी अंगणात फळीवर थापू लागलो.

मामा म्हणाले, “भाच्या, नुसती काळी माती? कुंभारसुदिक राख, लीद घालतोय की तिच्यात.”

“मामा, हे मडकं नाही, भूगोल आहे.”

“व्हय बाबा. तू शिकलेला.”

डोंगर झाला मोठा देखणा. पायथ्याला वाई, वर घाटाची वळणं, मग पाचगणी, शेवटी महाबळेश्वर, आणि पश्चिमेला कोकणात उतरणारा कडा. काड्यापेट्या कापून साहेबांचे बंगले केले. दोन दिवस चैत्राच्या उन्हात फळी वाळवली आणि पाठाच्या दिवशी पहाटे पाहतो तो बोट जाईल एवढ्या भेगा! पाचगणीचे दोन तुकडे झाले होते. उन्हाळ्यात आमच्या रानातल्या भेगेत वासराचा पाय अडकलेला मी स्वतः सोडवला होता, तरी हे सुचलं नव्हतं. दुसरं काही करायला वेळ नव्हता. भेगांना दऱ्या म्हणायचं ठरवून फळी डोक्यावर घेतली.

वर्गात मी गंभीरपणे म्हणालो, “आता पाहा, कृष्णा इथून निघून वाईकडे कशी जाते,” आणि माथ्यावर तांब्या ओतला. पाणी भेगेत गेलं ते गेलंच. आणखी ओतलं. तेही गेलं.

“सर, वाई कोरडीच हाय की!” मागच्या बाकावरून आवाज आला.

“काळी माती हाय सर, लई पिती,” दुसऱ्याने समजूत घातली.

मी इरेला पेटून अख्खी घागर रिकामी केली. डोंगर फुगला, मऊ झाला आणि सगळ्यांच्या देखत बसला. बंगले उताराने घसरत वाईला आले. वर्ग बाकं बडवत होता. मुख्याध्यापक शांतपणे उठले.

“महाबळेश्वर पाहिलंय तुम्ही?”

“नाही, साहेब.”

“आणि काळी माती?”

“जन्मापासून, साहेब.”

ते हसले नाहीत. “फळी धुऊन घ्या,” म्हणून कचेरीत गेले.

मधल्या सुट्टीत मी हौदापाशी चिखल खरवडत बसलो होतो. चार-पाच पोरं भोवती जमली. एकाने विचारलं, “सर, खरी कृष्णा आपल्याकडं येती का?”

“नाही. आपली भीमाच जाते तिच्याकडे. पार दक्षिणेला, रायचूरच्या अंगाला भेटते.”

“म्हंजी आमच्या गावाच्या, दुधनीच्याबी पल्याड?”

“बरंच पल्याड.” ओल्या फरशीवर चिखलाच्या बोटाने मी दोन्ही नद्या काढून दाखवल्या. मग डोंगरावरचा पाऊस, उतार, त्या पाण्याचा कोकणात जाणारा वाटा, सगळं सांगत गेलो. कोणी हसलं नाही. घंटा झाली तरी पोरं हलेनात, आणि मलाही त्यांना उठवावंसं वाटेना.

त्याच वेळी शिपाई कचेरीच्या दारात येऊन दुसऱ्या उमेदवाराला हाक मारत होता. त्या उमेदवाराच्या काखेत छापील नकाशाची गुंडाळी होती. जागा त्यालाच मिळाली.